भार आणि क्षमता : डेटा वेअरहाऊससाठी साठवण व सर्व्हर यांचे नियोजन (प्रस्तावना)

वऱ्हाडातील शेतमालाच्या बाजाराला लेखी नोंदीची सवय जुनी आहे. कारंजा येथे १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला, १८९७ साली वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा आला, आणि वजन, भाव व आवक यांची नोंद हा बाजाराच्या नियमनाचा पाया ठरला. आज अकोला आणि अमरावती येथील बाजार समित्यांत येणाऱ्या तूर, हरभरा व सोयाबीनची आवक आणि त्यांचे किमान, कमाल व सर्वसाधारण दर रोज संगणकावर चढतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून पेऱ्याची नोंद करतो. महावेध प्रकल्पात महसूल मंडळनिहाय उभारलेली दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा अहोरात्र मोजत असतात. नोंद होण्याचा प्रश्न त्यामुळे बराचसा मिटला आहे. या साठलेल्या नोंदींना एखादा अवघड प्रश्न विचारला, तर त्याचे उत्तर कामाच्या वेळेत हाती पडते की पडदा तासभर तसाच राहतो, हा प्रश्न मात्र मिटलेला नाही, आणि प्रस्तुत ग्रंथाचा विषय नेमका तोच आहे.

डेटा वेअरहाऊस म्हणजे रोजच्या व्यवहाराच्या डेटाबेसपासून वेगळा ठेवलेला, निरनिराळ्या ठिकाणांहून गोळा करून एकाच साच्यात बसवलेला आणि वर्षानुवर्षांचा इतिहास न पुसता सांभाळणारा डेटाबेस होय. काटापट्टी तयार होते तेव्हा व्यवहाराच्या डेटाबेसात एक ओळ लिहिली जाते. ते काम लहान असते, पण ते तत्काळ आणि बिनचूक व्हावे लागते. वेअरहाऊसकडे येणारा प्रश्न याच्या अगदी उलट प्रकृतीचा असतो: तो क्वचित विचारला जातो, परंतु त्याच्या उत्तरासाठी लाखो, कधी कोट्यवधी ओळी चाळाव्या लागतात. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा योजना लागू झाली तेव्हा राज्यभरातून दीड कोटीहून अधिक अर्ज भरले गेले. सेवा केंद्रांवरून येणारा तो ओघ व्यवहाराच्या डेटाबेसवरचा भार होता. हंगाम संपल्यावर एखाद्या मंडळात विमा उतरवलेले क्षेत्र आणि पीक पाहणीत नोंदलेले क्षेत्र यांत तफावत किती, अशी विचारणा झाली की तो भार वेअरहाऊसचा ठरतो. हे दोन्ही भार एकाच यंत्रावर टाकले तर दोन्ही कामे रखडतात, कारण अहवालासाठी चाललेले प्रचंड वाचन डिस्क आणि मेमरी अडवून बसते आणि खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाचा अर्ज पुढे सरकत नाही. वेअरहाऊस वेगळे काढण्याचे पहिले आणि आजही सर्वांत सबळ कारण हेच आहे.

या भाराला पंचांगही असते, आणि ते वऱ्हाडात फार स्पष्ट दिसते. महसूल यंत्रणेची पैसेवारी, म्हणजे पिकाच्या स्थितीचा पैशांत मांडलेला अंदाज, घ्यावी. नजरअंदाज पैसेवारी ३० सप्टेंबरला, सुधारित ३१ ऑक्टोबरला आणि अंतिम ३१ डिसेंबरला जाहीर होते. गावाचा आकडा तालुक्यात, तालुक्याचा जिल्ह्यात आणि अमरावती विभागातील पाच जिल्ह्यांच्या ५६ तालुक्यांचा आकडा विभागात गोळा होतो, आणि तो ५० पैशांच्या आत आहे की वर, यावर सवलतींचे पुढचे सारे गणित अवलंबून राहते. गावापासून विभागापर्यंत चढत जाणारी ही बेरीज वेअरहाऊसच्या भाषेत श्रेणीबद्ध एकत्रीकरण म्हणून ओळखली जाते. तिचा अर्थ इतकाच की तळाच्या नोंदी ठरलेल्या पायऱ्यांनी वर वर मिळवत नेल्या जातात. ठरलेल्या तारखांच्या आधीचे आठ दिवस यंत्रणेवर विचारणांचा मारा होतो आणि फेब्रुवारीनंतर तीच यंत्रणा जवळजवळ रिकामी असते. क्षमता किती ठेवावी, या प्रश्नाचे उत्तर वर्षाच्या सरासरीवरून काढणाऱ्याची फसगत इथूनच सुरू होते.

वेअरहाऊसमागच्या शास्त्राचा इतिहास अर्धशतकाचा आहे. एडगर कॉड यांनी १९७० साली संबंधाधिष्ठित प्रतिमान मांडले, म्हणजे माहिती ओळी आणि स्तंभांच्या तक्त्यांत ठेवून त्या तक्त्यांचे परस्परसंबंध गणिती नियमांनी जोडण्याची रीत घालून दिली. १९७९ साली स्थापन झालेल्या टेराडेटा कंपनीने अनेक प्रोसेसरांमध्ये डेटा वाटून मोठे अहवाल काढण्याची यंत्रे बांधायला घेतली. आयबीएममधील बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी १९८८ च्या लेखात व्यवसायाच्या माहितीसाठी स्वतंत्र रचना सुचवली. पुढे बिल इन्मन यांचे १९९२ चे आणि राल्फ किंबॉल यांचे १९९६ चे पुस्तक यांनी या विषयाची दोन घराणी उभी केली. इन्मन यांच्या मते आधी संपूर्ण संस्थेचे एकच, पुनरुक्ती काढून टाकलेले भांडार उभारावे आणि त्यातून विभागांना लागेल ते पुरवावे. किंबॉल यांनी तारा-रचनेचा पुरस्कार केला. या रचनेत मध्यभागी आवक, पाऊस, रक्कम अशा मोजमापांचा एक मोठा तक्ता आणि भोवती तारीख, ठिकाण, पीक अशा वर्णनांचे लहान तक्ते असतात, आणि विभागवार अशा रचना उभारून त्यांना समान वर्णन-तक्त्यांनी जोडले जाते.

या वादाकडे आजवर मुख्यतः आराखड्याचा वाद म्हणून पाहिले गेले, पण त्याचा यंत्रसामग्रीशी थेट संबंध आहे आणि बहुतेक पाठ्यपुस्तके तो संबंध सांगत नाहीत. पुनरुक्ती काढलेल्या रचनेत एका प्रश्नासाठी अनेक तक्ते जोडावे लागतात, त्यामुळे ताण मेमरी आणि प्रोसेसरवर येतो. तारा-रचनेत एकच अवाढव्य तक्ता सलग वाचावा लागतो, त्यामुळे ताण डिस्कच्या वेगावर येतो. कोणते घराणे पत्करले हे ठाऊक नसताना कोणता सर्व्हर घ्यावा असे विचारणे व्यर्थ आहे.

क्षमता चार ठिकाणी राहते: माहिती जिथे टिकून राहते ती साठवण, तिच्यातून उचललेला भाग जिथे हाताळला जातो ती मेमरी, हिशोब करणारा प्रोसेसर आणि या सर्वांना किंवा अनेक यंत्रांना जोडणारे जाळे. या चौघांपैकी जो सर्वांत मंद, त्याच्याच गतीने काम पुढे जाते. बाजाराच्या आवारात वजनकाटा एकच असेल आणि त्यासमोर ट्रॅक्टरांची रांग लागली असेल, तर हर्रास करणारे दुप्पट नेमून किंवा शेड वाढवून एकही ट्रॅक्टर लवकर रिकामा होत नाही. सर्व्हर खरेदीत मात्र हेच सर्रास घडते, कारण प्रोसेसरमधील कोअरची, म्हणजे स्वतंत्रपणे हिशोब करणाऱ्या भागांची, संख्या आणि टेराबाइटचा आकडा निविदेत लिहिता येतो, तर दर सेकंदाला किती मेगाबाइट वाचले जातील हा आकडा लिहिण्याचा प्रघात नाही. मायक्रोसॉफ्टने काही वर्षांपूर्वी आपल्या डेटाबेससाठी दिलेल्या संदर्भ-रचनांत दर कोअरमागे सेकंदाला सुमारे २०० मेगाबाइट पुरवठा झाला पाहिजे, असा हिशोब धरला होता. तो आकडा आज जुना वाटेल, परंतु कोअर आणि साठवण यांचे प्रमाण आधी ठरवायचे, ही त्यामागची पद्धत अजूनही योग्य आहे.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहणे उपयोगाचे ठरेल. समजा, दोन हजार हवामान केंद्रे दर १० मिनिटांनी एक नोंद पाठवतात. एका केंद्राच्या दिवसाला १४४ आणि वर्षाला ५२,५६० नोंदी होतात. सर्व केंद्रांच्या मिळून वर्षाला सुमारे १०.५ कोटी. एक ओळ २०० बाइटची धरली तर वर्षाचा तक्ता २१ गिगाबाइटचा होतो. आता प्रश्न असा, की अकोला जिल्ह्यातील पन्नासेक मंडळांत जुलै महिन्यात पावसाचा खंड किती दिवसांचा पडला? हा प्रश्न काल्पनिक नाही, कारण पीकविम्याच्या भरपाईत पावसातील खंडाला महत्त्व राहिलेले आहे.

सेकंदाला १५० मेगाबाइट वाचणाऱ्या साध्या फिरत्या डिस्कवर संपूर्ण तक्ता वाचायला सुमारे १४० सेकंद लागतात. येथे अननुभवी प्रशासक इंडेक्स बांधतो, म्हणजे हव्या त्या ओळी कुठे आहेत हे सांगणारी सूची तयार करतो, आणि काम आणखी मंदावल्याचे पाहून चक्रावतो. हव्या असलेल्या ओळी सुमारे २ लाख २३ हजार आहेत. त्या आल्या त्या क्रमाने तक्त्यात विखुरलेल्या असल्या तर डिस्कचे तोंड प्रत्येक वेळी नव्या जागी न्यावे लागते, आणि फिरती डिस्क अशा उड्या सेकंदाला शंभराच्या आसपासच मारू शकते. प्रत्येक ओळीसाठी एक उडी धरली तर ३७ मिनिटे होतात. आधुनिक डेटाबेस या उड्या आधी क्रमाने लावून बरेचसे नुकसान टाळतात हे खरे, पण सलग वाचन आणि विखुरलेले वाचन यांतील ही दरी ध्यानात आल्यावाचून वेअरहाऊसची साठवण समजत नाही.

यावर पहिला उपाय सुचतो तो एसएसडीचा. फिरणारा भागच नसलेली ही साठवण साध्या जोडणीवर सेकंदाला सुमारे ५०० मेगाबाइट वाचते, आणि १४० सेकंदांचे काम ४२ सेकंदांवर येते. एनव्हीएमई या अधिक वेगवान जोडणीच्या प्रकारची असेल तर त्याहून कितीतरी कमी. दुसरा उपाय बिनखर्चाचा आहे. तक्ता महिन्यानुसार विभागला, म्हणजे त्याचे पार्टिशन केले, तर जुलैखेरीज इतर अकरा महिन्यांना हातही लावावा लागत नाही. तक्ता ओळींऐवजी स्तंभांनी साठवला तर केंद्र क्रमांक, वेळ आणि पाऊस एवढेच तीन स्तंभ, ओळीमागे १६ बाइट, वाचावे लागतात. वर्षाचे मिळून १.७ गिगाबाइट. एका स्तंभात एकाच जातीची मूल्ये ओळीने येत असल्यामुळे ती चांगली आवळली जातात. चारपट आकुंचन धरले तर वर्षाचे ४२० मेगाबाइट आणि जुलैचे अवघे ३५ मेगाबाइट उरतात. एवढे वाचन त्याच जुन्या फिरत्या डिस्कवर पाव सेकंदात होते. आणि रोजच्या पावसाची मंडळनिहाय बेरीज रात्रीच करून ठेवली तर वर्षाच्या ओळी १०.५ कोटींवरून ७ लाख ३० हजारांवर येतात, ज्यांच्यासाठी वेगळा सर्व्हरही लागत नाही.

१४० सेकंदांचे काम पाव सेकंदावर आले आणि खरेदीवर एक रुपयाही खर्च झाला नाही, यातून यंत्रसामग्री बिनमहत्त्वाची आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. आधी वाचन कमी करावे आणि मग क्षमता वाढवावी, हा क्रम मात्र त्यातून सिद्ध होतो. हा क्रम उलटा केला तर वाया जाणारे काम अधिक वेगाने वाया जाते. प्रस्तुत ग्रंथाची सारी मांडणी या एका भूमिकेवर उभी आहे.

क्षमता वाढवण्याच्या दिशांबद्दलही घराणी आहेत. एक मत असे, की यंत्र एकच ठेवावे आणि त्यातील कोअर, मेमरी, डिस्क वाढवत जावे. हा मार्ग सोपा आहे, सॉफ्टवेअर बदलावे लागत नाही. पण यंत्राला वरची मर्यादा असते आणि त्या मर्यादेजवळ किंमत क्षमतेपेक्षा वेगाने चढते. दुसरे मत असे, की अनेक साधी यंत्रे जोडून काम वाटावे. मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ साली या विषयावर लिहिलेल्या प्रसिद्ध लेखात सामायिक मेमरी, सामायिक डिस्क आणि काहीच सामायिक नसणे अशा तीन रचनांची तुलना करून तिसरीची बाजू घेतली होती. तिसऱ्या रचनेत प्रत्येक यंत्राजवळ, म्हणजे नोडजवळ, स्वतःचा डेटा आणि स्वतःची मेमरी असते. टेराडेटा याच वाटेने गेली. ऑरॅकलने क्लस्टरसाठी, म्हणजे जोडलेल्या यंत्रांच्या समूहासाठी, सामायिक डिस्कची वाट धरली आणि २००८ साली एक्साडेटा हे तयार संच-यंत्र आणून साठवणीच्या थरातच नको त्या ओळी गाळण्याची सोय केली.

स्तंभाधारित साठवणीचा विचार ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेतील मॉनेटडीबी आणि सायबेस आयक्यू या डेटाबेसांत आधीच रुजला होता. २००५ च्या सी-स्टोअर या संशोधनाने त्याला बळ दिले. त्याच सुमारास गूगलने २००३ आणि २००४ साली प्रसिद्ध केलेल्या लेखांच्या प्रेरणेने २००६ साली अनेक यंत्रांवर काम वाटणारे हडूप हे सॉफ्टवेअर आले, आणि स्वस्त यंत्रांच्या फौजेवर वाटेल तेवढा डेटा चाळता येईल अशी हवा निर्माण झाली. ती हवा पुष्कळशी ओसरली आहे. काही गिगाबाइटच्या प्रश्नांसाठी दहा यंत्रांचा संसार सांभाळणे परवडत नाही, हे अनेक संस्थांना खर्च झाल्यावर कळले.

काम वाटण्याला स्वतःच्या दोन मर्यादा आहेत. पहिली जीन ॲमडाल यांनी १९६७ साली दाखवली: कामाचा दहावा हिस्सा जरी वाटता येण्याजोगा नसला, तरी १६ कोअर लावून वेग साधारण ६.४ पटच वाढतो आणि कोअर कितीही वाढवले तरी तो १० पटींच्या पुढे जात नाही. दुसरी मर्यादा विषम वाटपाची आहे आणि ती वऱ्हाडाच्या डेटात हमखास भेटते. बाजाराच्या आवकेचा तक्ता पिकानुसार नोडांवर वाटला, तर हंगामात सोयाबीनचा नोड घामाघूम होतो आणि जवस-तिळाचे नोड रिकामे बसतात. सर्वांचे काम संपेपर्यंत उत्तर मिळत नसल्यामुळे आठ नोडांची किंमत मोजून वेग एकाचाच मिळतो. वाटपासाठी पावती क्रमांकासारखा एकसारखा पसरलेला स्तंभ निवडला की दोष जातो, पण तो दिसण्यासाठी प्रशासकाला पीक आणि हंगाम दोन्ही ठाऊक असावे लागतात. बाहेरगावच्या सल्लागाराकडून ही अपेक्षा ठेवता येत नाही.

मेमरीबद्दलचे गैरसमजही असेच चिवट आहेत. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये क्रमवारी लावण्यासारख्या प्रत्येक क्रियेला मिळणारी मेमरी, मुद्दाम बदल केला नाही तर, फक्त ४ मेगाबाइट असते. सर्व्हरला १२८ गिगाबाइट मेमरी असली तरी ही मर्यादा तशीच राहते, आणि क्रिया तीत मावली नाही की डेटाबेस अर्धवट काम डिस्कवर उतरवून ठेवतो. मेमरीसाठी मोजलेले पैसे पडून राहतात. उलट ही मर्यादा उत्साहाने गिगाबाइटवर नेली तर ती प्रत्येक क्रियेला स्वतंत्रपणे लागू होत असल्याने २० जणांनी एकाच वेळी अहवाल मागितले की यंत्र कोलमडते. योग्य आकडा हा वापरणाऱ्यांची संख्या आणि प्रश्नांचे स्वरूप मोजूनच काढावा लागतो.

साठवणीच्या बाबतीत वेगाइतकाच विचार बिघाडाचा करावा लागतो. अनेक डिस्का एकत्र बांधून एक बिघडली तरी डेटा शाबूत ठेवण्याची रेड ही पद्धत पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली मांडली. तिच्या पाचव्या प्रकारात जागा वाचते, परंतु लहानशा एका लेखनासाठी दोन वाचने आणि दोन लेखने करावी लागतात. शिवाय १६ टेराबाइटची डिस्क बदलून नव्याने भरायची तर सेकंदाला १५० मेगाबाइटच्या वेगाने सुमारे ३० तास लागतात, आणि तेवढा वेळ उरलेल्या डिस्का सतत राबत असताना दुसरी बिघडण्याचा धोका असतो. टेराबाइटचा भाव पाहून मोजक्याच मोठ्या डिस्का घेणाऱ्या संस्थेने हा हिशोब आधी करावा.

जाळ्याचा विषय थोडक्यात आटोपता येतो. एक गिगाबिटची जोडणी सेकंदाला फार तर १२५ मेगाबाइट वाहून नेते, म्हणून साठवण वेगळ्या पेटीत ठेवून ती अशा जोडणीने सर्व्हरला लावली, तर आतील एसएसडी कितीही वेगवान असली तरी वरच्या उदाहरणातील २१ गिगाबाइट यायला १६८ सेकंद लागतील, म्हणजे सर्व्हरमधील जुन्या फिरत्या डिस्कपेक्षाही जास्त.

हवामानाचा उल्लेख परदेशी ग्रंथांत टिपेपुरता येतो. वऱ्हाडासाठी तो मुख्य मजकुरात घ्यावा लागतो. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपुढे जातो, तर सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस असावी, अशी ॲशरे या अमेरिकी अभियांत्रिकी संघटनेची शिफारस आहे. खोलीतील गारवा कमी पडला की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच घटवतो. यंत्र बंद पडत नाही, कुठला इशारा ठळकपणे दिसत नाही, केवळ दुपारचे अहवाल सकाळच्यापेक्षा उशिरा येऊ लागतात. अशा वेळी क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला लिहून विचारलेल्या प्रश्नात, दोष शोधत बसण्याआधी प्रोसेसरचे तापमान पाहावे. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर सर्व्हर चालतो पण वातानुकूलन चालत नाही, ही व्यवस्थाही इकडे सार्वत्रिक आहे आणि ती मोठ्या क्षमतेच्या सर्व्हरला लहान करून टाकते.

या पार्श्वभूमीवर क्लाउडचे आकर्षण समजण्यासारखे आहे. गूगलचे २०१० चे ड्रेमेल संशोधन आणि त्यावर आधारलेली बिगक्वेरी, ॲमेझॉनची २०१३ पासून खुली झालेली रेडशिफ्ट, २०१२ साली स्थापन झालेली स्नोफ्लेक यांनी डेटा वेअरहाऊस भाड्याने मिळण्याची वस्तू केली. यांतील सर्वांत दूरगामी कल्पना साठवण आणि गणनक्षमता वेगळी करण्याची आहे: डेटा स्वस्त सामायिक साठवणीत पडून राहतो आणि प्रश्न आला की हवे तेवढे प्रोसेसर तात्पुरते भाड्याने लावले जातात. ज्यांचा भार सप्टेंबर ते डिसेंबर या काळात उसळतो आणि पुढे मावळतो, त्यांच्यासाठी ही रचना तत्त्वतः अगदी सोयीची आहे. मायक्रोसॉफ्टचे पुण्यातील केंद्र २०१५ पासून आणि ॲमेझॉनचे मुंबईतील केंद्र २०१६ पासून चालू असल्याने डेटा राज्याबाहेर जाण्याची सक्तीही उरलेली नाही. पण भाड्याच्या यंत्रावर निष्काळजीपणे लिहिलेली क्वेरी थेट बिलात उमटते. स्वतःच्या सर्व्हरवर जी चूक वेळ खाते, ती इथे पैसे खाते. शिवाय वर्षभर सारखा भार असलेल्या संस्थेला भाडे परवडेलच असे नाही. विक्रेते जागतिक कंपन्यांच्या पेटाबाइटची उदाहरणे देतात आणि जिल्हा पातळीवरील संस्थेचा सगळा इतिहास काही शे गिगाबाइटमध्ये बसतो, याचा उल्लेख सहसा टाळतात. त्याच सीडब्ल्यूआय संस्थेतून २०१९ साली आलेले डकडीबी हे छोटे सॉफ्टवेअर एका चांगल्या लॅपटॉपवर कोट्यवधी ओळींची उत्तरे सेकंदांत देते, ही गोष्ट या संदर्भात बोलकी आहे.

हा विषय आजच हाती घेण्याचे कारण डेटाच्या वाढीपेक्षा त्याच्या जोडणीत आहे. केंद्राच्या ॲग्रिस्टॅक योजनेतून शेतकऱ्याला स्वतंत्र ओळख क्रमांक मिळू लागल्यामुळे जमीन, पेरा, विमा आणि कर्ज या आजवर वेगवेगळ्या राहिलेल्या नोंदी एकमेकींना जोडता येण्याची शक्यता निर्माण झाली आहे. जोडणी हे वेअरहाऊसचे सर्वांत जड काम आहे. दोन तक्ते वेगवेगळे वाचण्यापेक्षा ते एकमेकांशी जुळवायला मेमरी आणि जाळे कितीतरी अधिक लागते. दुसरीकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यामुळे कोणता डेटा किती काळ ठेवावा, हाही साठवणीच्या नियोजनाचा भाग झाला आहे. सगळे कायमचे साठवून ठेवू, ही जुनी भूमिका व्यक्तीच्या नोंदींबाबत यापुढे चालणार नाही.

प्रस्तुत ग्रंथ मुख्यतः तीन प्रकारच्या वाचकांसाठी लिहिला आहे: संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या परिसरातील अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राचे विद्यार्थी, ज्यांना तारा-रचना पाठ असते पण डिस्कचा वेग मोजण्याची सवय नसते; बँका, बाजार समित्या, सूतगिरण्या, शिक्षणसंस्था आणि शासकीय कार्यालये यांतील डेटाबेस सांभाळणारे कर्मचारी; आणि तांत्रिक शिक्षण नसतानाही खरेदीच्या कागदावर सही करावी लागणारे अधिकारी. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या संस्थांतील संशोधकांना पीक आणि हवामानाच्या दीर्घ मालिका हाताळताना त्याचा उपयोग व्हावा, अशीही अपेक्षा आहे. उदाहरणे पोस्टग्रेसवर दिली आहेत, कारण ते फुकट मिळते, एका प्रश्नासाठी अनेक कोअर वापरण्याची सोय त्यात २०१६ पासून आणि तक्त्याचे विभाजन सोपे करणारी सोय २०१७ पासून आहे, आणि त्यावर शिकलेले इतरत्र वाया जात नाही.

ग्रंथाच्या मर्यादा सांगणेही आवश्यक आहे. क्लाउड कंपन्यांच्या दरपत्रकांची तुलना यात नाही, कारण ती छापून येईपर्यंत शिळी होते. विशिष्ट सर्व्हरची शिफारसही नाही. यंत्रशिक्षण आणि कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या ग्राफिक्स प्रोसेसरांचा विषय बाजूला ठेवला आहे; वेअरहाऊसचा साधा अहवाल जिथे वेळेत येत नाही, तिथे त्या खरेदीची घाई करू नये असे स्पष्ट मत मात्र ठिकठिकाणी आढळेल. पारिभाषिक शब्दांत कामाच्या ठिकाणी बोलली जाणारी रूपेच ठेवली आहेत, म्हणून सर्व्हर, क्वेरी, डिस्क, इंडेक्स हे शब्द तसेच येतात.

वाचकाला एक विनंती आहे. पुढची प्रकरणे उघडण्यापूर्वी त्याने आपल्या संस्थेतील सर्वांत रेंगाळणारा एक अहवाल निवडावा, तो चालू असताना प्रोसेसर किती टक्के व्यग्र असतो, डिस्क सेकंदाला किती वाचते आणि मेमरी किती मोकळी उरते, हे तीन आकडे सकाळी एकदा आणि भर दुपारी एकदा असे आठवडाभर वहीत उतरवून घ्यावेत, आणि तोपर्यंत नव्या सर्व्हरचे दरपत्रक मागवू नये.